सेव्ह बटण नसलेलं संगीत: टँजरीन ड्रीमचा ‘रिकोशे’ आणि ‘लाइव्ह’ म्हणजे नक्की काय

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके कमी केलेत. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आज एकच अल्बम. १९७५चा. जर्मन बँडचा. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, आणि ट्रॅक फक्त दोन. पहिला साधारण १७ मिनिटांचा, दुसरा २१ मिनिटांचा. अल्बमचं नाव ‘रिकोशे’, बँडचं नाव टँजरीन ड्रीम.

नाव ऐकलं नसेल तरी या घराण्याचा आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ सुरू होताना जो धडधडणारा, एकामागून एक स्वर पळवणारा सिंथ वाजतो, तो काइल डिक्सन आणि मायकल स्टाइन यांनी केला. पण ती भाषा ज्यांनी घडवली त्यांच्यात टँजरीन ड्रीम पहिल्या रांगेत आहे. ‘जीटीए ५’ खेळला असाल तर त्याच्या पार्श्वसंगीतातसुद्धा या बँडचा हात आहे.

आजचा प्रश्न असा. एखादा माणूस स्टेजवर यंत्रासमोर उभा आहे आणि स्वर यंत्रच वाजवतंय. मग त्याला ‘लाइव्ह’ का म्हणायचं? लॅपटॉप उघडून प्ले दाबणाऱ्या डीजेबद्दल आपण हेच बोलतो ना, की ‘हा करतोय काय नक्की?’ ‘रिकोशे’ या प्रश्नाला फार चांगलं उत्तर देतो. आणि गंमत म्हणजे तो स्वतः पूर्णपणे लाइव्ह नाही. तिथेही येऊ.

तीन माणसं, दिवे मंद

टँजरीन ड्रीम १९६७ साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाला. संस्थापक एडगर फ्रोझ. शिक्षण चित्र-शिल्पकलेचं, वाद्य गिटार. ‘रिकोशे’च्या वेळी त्याच्यासोबत दोघं होते, क्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमन. फ्रांके मुळात ड्रमर. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९७३च्या शेवटी ही मंडळी इंग्लंडमध्ये व्हर्जिन कंपनीच्या मॅनर स्टुडिओत गेली आणि ‘फेड्रा’ नावाचा अल्बम केला. १९७४मध्ये तो आला आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या वीसात पोचला. गायक नाही, ड्रम नाहीत, मोठाले ट्रॅक, तरीही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी फ्रान्समधल्या रँसच्या कॅथेड्रलमध्ये कार्यक्रम केला. जागा मावणार नाही इतकी माणसं आली आणि त्यावरून बराच वादही झाला.

मग १९७५चा ऑगस्ट ते ऑक्टोबर असा फ्रान्स आणि इंग्लंडचा दौरा. ‘रिकोशे’ या दौऱ्यातून आला. त्यातला एक मुक्काम सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबरमध्ये ते कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलमध्ये वाजले. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बॉम्ब टाकले, त्यात जुनं कॅथेड्रल गेलं. त्याच्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवं बांधलं, ते १९६२ला सुरू झालं. आणि त्या रात्रीला पस्तीस वर्षं होत असताना तिथे तीन जर्मन मुलं वाजवायला उभी. फ्रोझ स्वतः १९४४चा, युद्ध चालू असताना जन्मलेला. स्टेजवर दिवे मंद, माइकवर बोलणं नाही. नुसता आवाज.

या कार्यक्रमांमध्ये ठरलेली गाणी वाजवायची पद्धत नव्हती. सगळं तिथल्या तिथे रचलेलं. आता प्रश्न असा की सिंथेसायझरवर तिथल्या तिथे रचणं म्हणजे काय? त्यासाठी यंत्र आतून बघू.

आवाज बनतो कसा

ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये तीन मुख्य गोष्टी असतात.

पहिली, ऑसिलेटर. वीज सतत वर-खाली करत राहणारं सर्किट. सेकंदाला ४४० वेळा वर-खाली झाली की स्पीकरमधून एक स्वर येतो, ८८० वेळा झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात. हा आवाज कच्चा असतो, मधमाशी कानाशी आल्यासारखा.

दुसरी, फिल्टर. कच्च्या आवाजातला चरचरीत भाग कापणारी चाळणी. फिल्टर बंद करत नेला की आवाज गोधडीखाली गेल्यासारखा वाटतो. उघडत नेला की समोर येतो. ‘व्वाऊ’ असा सिंथचा जो ओळखीचा आवाज आहे ना, तो फिल्टर उघडतानाचा.

तिसरी, ॲम्प्लिफायर. आवाज किती मोठा, किती पटकन येतो, किती हळू विरतो, हे ठरवणारा.

मोठ्या मॉड्युलर सिंथमध्ये, उदाहरणार्थ रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांमध्ये, हे सगळे वेगवेगळे डबे असतात आणि ते केबलने जोडावे लागतात. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचे फोटो बघितलेत ना? तसंच दिसतं. कुठली केबल कुठे लावली त्यावर आवाज ठरतो.

आणि या डब्यांची आपापसातली भाषा एकच, व्होल्टेज. मूगच्या पद्धतीत एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर जातो. एका सप्तकात बारा स्वर. म्हणजे एका स्वरापासून पुढच्या स्वरापर्यंत फक्त १ भागिले १२ व्होल्ट, साधारण ८३ मिलिव्होल्ट. साध्या पेन्सिल सेलमध्ये दीड व्होल्ट असतो, त्यात दीड सप्तक बसलं! हा आकडा डोक्यात ठेवा.

सिक्वेन्सर: एका ड्रमरचं नवं वाद्य

आता मुख्य पात्र. मूगचा ९६० नावाचा सिक्वेन्सर. त्यावर आठ-आठ नॉबच्या तीन ओळी, एकूण २४ नॉब. यंत्र पहिल्या नॉबचं व्होल्टेज वाचतं आणि ऑसिलेटरला देतं. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. आठवा झाला की परत पहिला. आठ नॉबवर आठ स्वर लावा आणि यंत्र ते गोल गोल वाजवत राहील. वेग वाढवा, कमी करा, एखादी पायरी गाळा, सगळं हाताने.

फ्रांके ड्रमर होता, म्हणून हे वाद्य त्याच्याकडे गेलं यात आश्चर्य नाही. त्याने त्याचा उपयोग लय म्हणून केला. खर्जात आठ स्वर धावतायत, तेच बास आणि तेच तालवाद्य.

मग एकावर एक थर. समजा एक सिक्वेन्स आठ मात्रांचा आहे आणि दुसरा सहा मात्रांचा. दोघे एकत्र सुरू झाले. सहाचा आवर्तन संपवून परत पहिल्यावर आला तेव्हा आठवाला अजून सातव्यावर आहे. दोघांची पहिली मात्रा पुन्हा एकत्र पडते ती चोविसाव्या मात्रेनंतर. तबला ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, दोघे फिरून समेवर आले की अंगावर काटा येतो. फरक इतकाच की इथे सम कुठे आहे हे कोणी हात उचलून दाखवत नाही. ती कानाने शोधावी लागते. वर प्रतिध्वनीचं यंत्र लावलं की प्रत्येक स्वराची सावली पुढच्या स्वरांच्या मधे जाऊन पडते. ‘रिकोशे’ म्हणजे आदळून उसळणं. पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जातो, त्यालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. अल्बमचा आवाज तंतोतंत तसा आहे.

उष्णता नावाचा चौथा वादक

आता अडचणी. पहिली अडचण, सूर टिकत नाही.

एक व्होल्टला एक सप्तक हे गणित सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर सांभाळतो. पण ट्रान्झिस्टरचा हा गुण तापमानावर अवलंबून असतो. काहीच उपाय केला नाही तर दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. गणित करू. मूळ स्वरापासून तीन सप्तकं वर, म्हणजे ३६ स्वर वर, एक स्वर लावलाय. हॉलमध्ये माणसं भरली, दिवे लागले, यंत्र तापलं, आतलं तापमान १० अंशांनी वाढलं. फरक ३.३ टक्के. ३६ स्वरांच्या ३.३ टक्के म्हणजे जवळपास १.२ स्वर. तुम्ही ‘सा’ लावला होता, तो आता कोमल ‘नी’च्याही दिशेने घसरायला लागलाय! सर्किट बनवणारे यावर उपाय करायचे, त्यामुळे प्रत्यक्षात घसरण याहून कमी असायची. पण शून्य नाही.

‘फेड्रा’मध्ये हे रेकॉर्डच झालंय. शीर्षक ट्रॅक स्टुडिओत सहज वाजवताना टेपवर आला. यंत्र तापत गेलं, काही ऑसिलेटर सुरातून सरकत गेले, आणि ट्रॅकच्या शेवटाकडे ऐकू येणारे काही बदल त्यातून आलेत. बँडने ते तसंच ठेवलं.

स्टुडिओत थांबता येतं. स्टेजवर? मैफलीत गवई मधेच तंबोऱ्याची खुंटी पिळतो, तबलजी हातोडीने गट्ठा ठोकतो, आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. इथेही तसंच, चालू संगीतात सूर सांभाळत राहायचं. फक्त इथे खुंट्या डझनांनी आहेत.

स्टेट सेव्ह होत नाही

दुसरी अडचण मला जास्त भिडते, कारण मी दिवसभर कोड लिहितो. आमच्या कामात प्रोग्रॅमच्या त्या क्षणीच्या अवस्थेला ‘स्टेट’ म्हणतात. स्टेट जपून ठेवणं, बिघडलं की मागच्या चांगल्या स्टेटला परत जाणं, निम्मं काम यातच जातं. १९७५च्या मॉड्युलर सिंथमध्ये स्टेट म्हणजे काय? सगळ्या केबल कुठे लावल्यात आणि सगळे नॉब किती फिरवलेत, बस. सेव्ह करायचं असेल तर कागद-पेन्सिल घ्या. अनडू नाही. आवाजाची मांडणी मेमरीत ठेवणारा, पाच स्वर एकदम वाजवणारा प्रॉफेट-५ यायला १९७८ उजाडलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली ती मिडी आल्यावर, १९८३मध्ये.

म्हणजे कार्यक्रमाच्या मध्यावर फ्रांकेला नवा सिक्वेन्स हवा असेल तर ‘प्रीसेट ४’ असं काही नाही. आठ नॉब हाताने फिरवून आठ स्वर लावायचे. किती अचूक? समजा नॉब पूर्ण फिरवला की २ व्होल्ट मिळतात, म्हणजे दोन सप्तकं, २४ स्वर. नॉब फिरतो साधारण ३०० अंश. एका स्वराला साडेबारा अंश. पण स्वर बेसूर वाटायला त्याच्या दहाव्या भागाची चूक पुरते. म्हणजे सव्वा अंश! घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. असे आठ नॉब, मंद उजेडात, समोर भरलेला हॉल, आणि जुना सिक्वेन्स अजून चालू.

मग बाकीचे दोघं काय करतायत? वेळ भरून काढतायत. फ्रोझ गिटार उचलतो. कोणी मेलोट्रॉनवर बसतं. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असलेलं वाद्य. पट्टी दाबली की बासरीचा किंवा व्हायोलिनचा रेकॉर्ड केलेला स्वर वाजतो, पण साधारण आठच सेकंद. टेप संपली, स्वर संपला, बोट उचलून परत दाबा. त्यामुळे मेलोट्रॉनच्या ओळींना श्वास असतो. एकीकडे न थकणारा सिक्वेन्सर आणि दुसरीकडे आठ सेकंदांत दम लागणारं वाद्य. ‘रिकोशे’ची अर्धी जादू या दोघांच्या शेजारात आहे असं मला वाटतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतंय. स्वर यंत्र वाजवतंय हे खरं. पण कुठले स्वर, किती वेळ, कधी बदलायचे, सूर सरकला तर सावरायचा की सरकू द्यायचा, हे सगळं त्या क्षणी माणूस ठरवतोय. आणि चुकलं तर सगळ्यांसमोर चुकणार आहे.

मग ‘रिकोशे’ लाइव्ह आहे का?

‘रिकोशे’ डिसेंबर १९७५मध्ये आला, टँजरीन ड्रीमचा पहिला लाइव्ह अल्बम म्हणून. पण तो एका कार्यक्रमाचं सरळ रेकॉर्डिंग नाही. दौऱ्यातली ध्वनिमुद्रणं आणि स्टुडिओत केलेलं काम एकत्र मिसळून तो तयार झाला.

याची पडताळणी आज कोणालाही करता येते. २०१९मध्ये बँडच्या व्हर्जिनच्या काळातल्या रेकॉर्डिंगचा मोठा संच आला, ‘इन सर्च ऑफ हेडीज’. त्यात लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉलमधला २३ ऑक्टोबर १९७५चा कार्यक्रम आहे. त्याच दौऱ्यातला. ‘रिकोशे’चा दुसरा भाग माहीत असेल तर हा कार्यक्रम ऐकताना ओळखीच्या जागा सापडतात. आणि अल्बममध्ये काय गाळलं तेही कळतं. शोधत बसलेली मिनिटं, एखादी कल्पना येते आणि जमत नाही म्हणून सोडून दिली जाते ते क्षण, एका सिक्वेन्समधून दुसऱ्यात जाताना मधे लोंबकळणारा वेळ.

काही चाहत्यांना यात फसवणूक वाटते. कव्हरवर लाइव्ह म्हणायचं आणि आत स्टुडिओ? माझं मत वेगळं आहे. चाळीसेक मिनिटांच्या एलपीवर दोन बाजूंत लांबच लांब मैफल मावत नाही, काहीतरी कापावंच लागतं. आणि एकदा कापायचं ठरलं की तो संपादनाचा प्रश्न झाला. हा पॉडकास्टसुद्धा तुम्ही कापून-जोडूनच ऐकता. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की मूळ कल्पना कुठे जन्मल्या. त्या मैफलीत, धोका पत्करून जन्मल्या. स्टुडिओत त्यांना आकार मिळाला.

पण किंमत मोजलीच नाही असंही नाही. अल्बम ऐकताना वाटतं की हे तिघे कधी अडखळलेच नाहीत. प्रत्येक बदल योग्य वेळी येतो. क्रॉयडनचं रेकॉर्डिंग ऐकलं की कळतं की योग्य वेळ त्यांनाही शोधावी लागत होती. जो नवीन शिकतोय, घरी फोनवर सिंथचं ॲप उघडून काहीतरी जुळवतोय आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून बंद करतोय, त्याने अल्बमच्या आधी ती मैफल ऐकावी. बराच काळ ती बहुतेक लोकांपर्यंत नीट पोचली नव्हती. तोवर बहुतेकांसमोर फक्त घासूनपुसून लख्ख केलेली आवृत्ती होती. एखाद्याचं फक्त फायनल कोड बघायचं आणि त्यामागच्या शंभर फसलेल्या कमिट बघायच्याच नाहीत, तसं.

म्हणून लॅपटॉपवाल्या डीजेबद्दल विचाराल तर यंत्र जुनं की नवं हा मुद्दा माझ्यासाठी नाही. विचारायचं एवढंच: आत्ता इथे काही बिघडू शकतं का? आणि काही ठरायचं बाकी आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर तो लाइव्ह वाजवतोय, हातात फोन असला तरी. दोन्हीचं नाही असेल तर भिंतभर केबल लावूनही तो रेकॉर्डच लावतोय.

आपल्याकडे याच काळात

हे सगळं युरोपातच घडत होतं असं समजू नका. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करायला मदत केली, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर यांच्यासारख्या मंडळींनी १९७२पर्यंत त्यावर रचना केल्या. त्या टेप पुढे कित्येक वर्षं पडून होत्या. २०२३मध्ये त्या अल्बम म्हणून बाहेर आल्या. आणि आपल्या मुंबईत, हिंदी सिनेमांसाठी वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तोही स्वतंत्र भागाचा विषय आहे, नक्की करू.

कसं ऐकाल

हेडफोन लावा, फोनचा स्पीकर नको. खर्जातला सिक्वेन्स छोट्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही, आणि मग ‘यात आहे काय’ असं वाटतं.

दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. तो पियानोने सुरू होतो, एकदम शांत. मग सिक्वेन्सर शिरतो तो क्षण पकडा. तिथून पुढे पहिल्या फेरीत फक्त खालचा सिक्वेन्स ऐका आणि तो कधी बदलतो ते बघा. दुसऱ्या फेरीत वरचे स्वर ऐका आणि खालच्याबरोबर ते कुठे एकत्र येतात ते शोधा. दोन फेऱ्यांनंतर पहिला भाग, आणि शेवटी क्रॉयडनची मैफल.

एडगर फ्रोझ जानेवारी २०१५मध्ये गेला. बँड आजही चालू आहे, थॉर्स्टन क्वेशनिंगच्या नेतृत्वाखाली, मूळ तिघांपैकी कोणीही त्यात नसताना. आता त्यांच्याकडे मेमरी आहे, कॉम्प्युटर आहे, मागच्या पन्नास वर्षांची प्रत्येक धून बटणावर आहे. तरी जुन्या रचना वाजवून झाल्या की कार्यक्रमाच्या शेवटी ते एक लांबलचक तुकडा तिथल्या तिथे रचतात, काहीही न ठरवता. सेव्ह बटण मिळाल्यावरसुद्धा.

तुमच्या मते फोनवरच्या ॲपने वाजवलेलं लाइव्ह धरायचं की नाही, ते आवाजी मेसेजमध्ये नक्की सांगा. चांगली भांडणं पुढच्या भागात ऐकवू. तोवर, भेटू या!